मधमाश्यांसाठीं लहानशी बाग



अंधेरी, बोरिवली, मुलुंड अथवा घाटकोपर येथें राहणाऱ्या कुटुंबांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्यास आज अंगण येतें. बहुतेकांस मिळते ती चार-पांच हात लांबीची गॅलरी, खिडकीची लोखंडी जाळी, किंवा फार झालें तर तळमजल्याच्या भिंतीलगतची जमिनीची अरुंद पट्टी. एवढ्याशा जागेंत बाग ती काय होणार, आणि झालीच तर तिच्याकडे मधमाशी कशाला फिरकणार, असा प्रश्न सहज मनांत येतो. ह्या पाठांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. कोणतीं झाडें लावलीं असतां मधमाश्या येतात, त्यांपैकीं कोणतीं अल्प श्रमानें जगतात, आणि तीं केव्हां व कशीं लावावीं, हें क्रमानें पाहूं.

हा विषय केवळ हौसेचा नव्हे. पुष्कळ घरीं एखाद्या डब्यांत किंवा पिंपांत काकडीचा अथवा भोपळ्याचा वेल लावलेला असतो. वेल जोमानें वाढतो, पिवळीं फुलें येतात, बोटाएवढीं फळें धरल्यासारखीं दिसतात, आणि चार दिवसांत तीं पिवळीं पडून गळून जातात. घरचीं माणसें खत कमी पडलें म्हणून खत घालतात, पाणी कमी पडलें म्हणून पाणी घालतात. परंतु बहुधा कमी पडलेली वस्तु निराळीच असते. ह्या वेलांवर नर-फूल व मादी-फूल अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादी-फुलाच्या देठाशीं बारीक फळाचा आकार आधींच असतो; तो पाहून फळ धरलें असें आपणांस वाटतें. वास्तविक नर-फुलांतील पराग मादी-फुलाच्या टोकावर जाऊन पडेपर्यंत फळ धरलेलेंच नसतें. हा पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहीं. तो कोणी तरी वाहून न्यावा लागतो, आणि तें काम मुख्यत्वें मधमाशी करिते. पराग थोडा पोहोंचला तर काकडी एका बाजूनेंच फुगून वांकडी होते; मुळींच न पोहोंचला तर ती गळते.

जी गोष्ट एका पिंपांत, तीच जगाच्या शेतांत. अनेक राष्ट्रांनीं मिळून जैवविविधतेच्या अभ्यासासाठीं स्थापिलेल्या मंडळानें २०१६ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. मनुष्याच्या अन्नासाठीं जगांत पिकविल्या जाणाऱ्या प्रमुख पिकांपैकीं तीन-चतुर्थांशाहून अधिक पिकें थोड्याबहुत प्रमाणांत तरी परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत, असें त्यांत दाखविलें आहे. गहूं, तांदूळ, मका हीं धान्यें वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर भागवितात. म्हणून एकंदर उत्पन्नाच्या वजनाकडे पाहिलें तर हा वांटा सुमारें पस्तीस टक्के भरतो. तथापि ताटांतून तेवढा वांटा काढून घेतला, तर भाताशेजारीं काय उरेल याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

१. येणारे पाहुणे कोण?

मधमाशी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एकच माशी उभी राहते. वास्तविक ह्या कुळाच्या वीस हजारांहून अधिक जाती जगांत आहेत. आपल्या उपनगरांत ज्या सहज दिसतात त्यांची ओळख प्रथम करून घेऊं.

सर्वांत मोठी ती आग्या. ही झाडाच्या उंच फांदीस, पाण्याच्या टाकीखालीं अथवा उंच इमारतीच्या छज्जास एकच मोठें पोळें टांगते. दुसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलींत, भिंतीच्या पोकळींत किंवा अशाच अंधाऱ्या जागीं एकापाठीमागें एक अशीं अनेक पोळीं समांतर बांधते. त्यावरूनच तिचें नांव पडलें. हिला पेटींत पाळतां येतें, आणि महाबळेश्वराच्या डोंगराळ भागांत हिच्यावर मधाचा मोठा धंदा उभा राहिला आहे. त्याच तालुक्यांतील मांघर ह्या गांवास २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर करण्यांत आलें. तिसरी फुलोरी, हिचें पोळें तळहाताएवढें असून तें झुडुपांत लपलेलें असतें. चौथी अगदीं बारीक, डासाहून थोडी मोठी, काळसर व डंख नसणारी. ती भिंतीच्या फटींत राहते व दाराशीं मेणाची लहानशी नळी बांधते.

ह्यांखेरीज एकट्यानें राहणाऱ्या माश्या आहेत, आणि त्यांस आपण बहुधा ओळखतही नाहीं. लांकूड पोखरून राहणारा मोठा काळा भुंगा हा मधमाशीच्याच गोतांतला. पोटावर निळे चमकदार पट्टे असणारी एक चपळ माशी मातींत बीळ करून राहते. तिसरी गुलाबाच्या अथवा गोकर्णीच्या पानांतून कातरीनें कापावे तसे गोल तुकडे कापून नेते व त्यांची घडी करून पोकळ काडींत अंडीं घालते. असें कातरलेलें पान दिसलें कीं कीड लागली म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं.

ह्या एकट्या माश्यांचें एक काम मोठें चमत्कारिक आहे. वांग्याच्या व टोमॅटोच्या फुलांत पराग उघडा नसतो. तो नळीसारख्या कोशांत असून कोशाच्या टोकास बारीक छिद्र असतें. भुंगा अथवा निळ्या पट्ट्यांची माशी अशा फुलास घट्ट धरून आपलें अंग वेगानें थरथरविते. तेव्हां मिठाच्या डबींतून मीठ सांडावें तसा पराग बाहेर पडतो. सातेरी व आग्या ह्यांस ही विद्या साधलेली नाहीं. म्हणून जेथें वांगीं व टोमॅटो लावावयाचे असतील तेथें भुंग्यास हांकलूं नये.

आतां आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. मध्यें बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलें, शंभर चौरस किलोमीटरांहून मोठें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वेस मुलुंड-घाटकोपराच्या बाजूस ठाण्याच्या खाडीवरील तिवरांचें रान. पश्चिमेस गोराई व मालाड येथील खाड्या. जंगलांत जांभूळ, करंज इत्यादि वृक्ष फुलतात. कित्येक वर्षांच्या अंतरानें एकदां कारवी फुलते, त्या वेळीं तर उतारच्या उतार जांभळे होतात. तिवरांचीं बारीक फुलेंही माश्यांस फार प्रिय. परंतु ह्या दोन हिरव्या पट्ट्यांच्या मध्यें काय आहे? रस्ते, रूळ व इमारती. सातेरी माशी अन्नासाठीं साधारणपणें एक-दीड किलोमीटर जाते. फुलोरी व बारीक माशी त्याहून पुष्कळच कमी. रुंद ओढा ओलांडावयाचा तर मध्यें मध्यें दगड ठेवावे लागतात. तुमच्या गॅलरींतील दोन कुंड्या म्हणजे असा एक दगड होय. एका दगडानें ओढा ओलांडतां येत नाहीं हें खरें. पण एकेका इमारतींत असे दहा-वीस दगड पडले म्हणजे वाट तयार होते.

जागा वाईट आहे ही सबबही फार टिकणारी नाहीं. मिठी नदीच्या कांठीं धारावीजवळ जें महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ सालीं खुलें झालें, तें पूर्वीं शहराचा कचरा टाकण्याची जागा होतें. आज तेथें सुमारें सदतीस एकरांत दाट झाडी उभी आहे.

२. माशी फुलांत काय पाहते?

माशीस फुलापासून दोन वस्तु हव्या असतात. एक मकरंद, त्यापासून ती मध करिते व उडण्याचें बळ मिळविते. दुसरी पराग, तो पिलांचें अन्न होय. जें फूल ह्यांपैकीं एकही देत नाहीं, तें आपणांस कितीही सुंदर दिसलें तरी तिच्या दृष्टीनें रिकामें ताट. ह्यावरून निवडीचे चार नियम निघतात.

पहिला नियम : फूल एकेरी असावें. बाजारांत दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचीं फुलें अधिक किंमतीस विकलीं जातात. अशा पुष्कळ फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळें पराग नाहींसा होतो आणि मकरंदाची वाट बुजते. गच्च गोंड्याच्या झेंडूपेक्षां मध्यें पिवळी चकती दिसणारा साधा झेंडू माशीस अधिक उपयोगी.

दुसरा नियम : रंग पांढरा, पिवळा, निळा किंवा जांभळा असावा. कार्ल फॉन फ्रिश ह्या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं एक सोपा प्रयोग केला. अनेक करड्या कागदांमध्यें एक निळा कागद ठेवून त्यावर त्यानें साखरेचें पाणी ठेविलें; माश्या निळा कागद ओळखण्यास शिकल्या. तोच प्रयोग लाल कागदानें केला तेव्हां त्यांस लाल व काळसर करडा ह्यांतील भेद कळेना. उलट, आपणांस न दिसणारा जांभळ्यापलीकडील प्रकाश त्यांस दिसतो. लाल जास्वंदीवर शिंजीर पक्षी जितका रमतो तितकी माशी रमत नाहीं, याचें एक कारण हेंच होय.

तिसरा नियम : एका जातीचीं झाडें एकत्र लावावीं. माशी एका फेरींत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. ही गोष्ट दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं ॲरिस्टॉटलनेंही नमूद करून ठेविली आहे. ह्या तिच्या स्वभावामुळेंच एका फुलाचा पराग त्याच जातीच्या दुसऱ्या फुलास मिळतो. शिवाय चांगलें कुरण सांपडलें म्हणजे माशी पोळ्यावर परत जाऊन एक प्रकारचा नाच करिते आणि त्या नाचानें दिशा व अंतर इतरांस सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या त्याच फ्रिशला १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु एका फुलासाठीं कोणी नाचत नाहीं. दहा प्रकारचीं दहा झाडें लावण्यापेक्षां तीन प्रकारचीं तीन-तीन झाडें लावणें अधिक फलदायी.

चौथा नियम : बाराही महिने कांहीं तरी फुललेलें असावें. फाल्गुन-चैत्रांत मोठे वृक्ष फुलतात, तेव्हां माश्यांस आपली गरज थोडी. खरी उपासमार होते ती पावसाळ्यांत. धो-धो पावसांत माशीस बाहेर पडतां येत नाहीं, आणि उघडीप मिळाली तरी फुलांतील मकरंद धुवून गेलेला असतो. अशा वेळीं छज्जाखालीं, पावसापासून आडोशास असलेली फुललेली कुंडी ही तिच्यासाठीं दुष्काळांतली अन्नछत्री होय. ह्या एका बाबतींत गॅलरी अंगणाहून श्रेष्ठ ठरते.

३. कोणतीं झाडें लावावीं?

बारमाही झाडांत पहिला मान तुळशीचा. ती पुष्कळांच्या दारीं आधींच असते. परंतु पानें भरपूर यावीं म्हणून आपण तिच्या मंजिऱ्या दिसतांच खुडून टाकतों. तसें न करितां अर्ध्या मंजिऱ्या फुलूं द्याव्या, त्या वाळल्या म्हणजे कापाव्या, आणि तोंवर उरलेल्या अर्ध्या फुलण्यास येतात. अशा एका कुंडीवर सकाळीं आठच्या सुमारास उभे राहून पाहावें. सातेरी, फुलोरी व बारीक माशी अशा तिघीही तेथें भेटण्याचा संभव आहे. तुळशीचाच भाऊ सब्जा. त्याचें बीं वाण्याकडे मिळतें, दोन-तीन महिन्यांत तो फुलतो, आणि त्यास तुळशीहून अधिक फुलें येतात.

निर्गुडी ही जवळजवळ न मरणारी वनस्पति म्हटली तरी चालेल. हातभर लांबीची फांदी पावसाच्या आरंभीं मातींत खोंचली कीं ती फुटते. तिचे निळसर तुरे माश्यांस फार आवडतात. मात्र ती मोठी होते. कुंडींत ठेवल्यास वर्षांतून दोनदां छाटावी. गोकर्णीचा वेल जाळीवर चढविण्यास उत्तम. त्याचें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून पेरावें. ह्या फुलावर भुंगा व पानें कातरणारी माशी येतात. वेल शेंगवर्गांतील असल्यामुळें मातीस नत्र पुरवितो. खताची गरज थोडी.

पावसाळ्यासाठीं तेरडा. त्याचा रंग तीन दिवस टिकतो असें म्हणतात, पण एक फूल गळलें तरी झाड महिना-दीड महिना फुलत राहतें. बीं पहिल्या पावसांत मातीवर टाकावें. पुढील वर्षीं त्याच्या टचकन् फुटणाऱ्या बोंडांतून तो आपोआप उगवतो. थोडी सावलीही त्यास चालते. निळ्या पट्ट्यांची माशी पाहावयाची असेल तर तेरड्याच्या ताटव्याजवळ बसावें.

भाजीच्या वेलांत एक भेद ध्यानांत ठेवावा. काकडी, लाल भोपळा व घोसाळें ह्यांचीं पिवळीं फुलें सकाळीं उमलतात. त्यांवर माशी येते. दुधी व दोडका ह्यांचीं फुलें संध्याकाळीं उमलतात. तीं पतंगांसाठीं आहेत. म्हणून माश्यांच्या बागेंत घोसाळें किंवा काकडी निवडावी. लाल भोपळ्याचें फूल पहांटे उमलून दहा-अकराच्या सुमारास मिटूं लागतें, हें पाहण्यासाठीं मात्र लवकर उठलें पाहिजे. उंच मजल्यावर माशी न पोहोंचल्यास नर-फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या व त्याचा केसर मादी-फुलाच्या टोकावर हलकेच टेकवावा. तेवढ्यानें फळ धरतें. आणि जें काम माशी दिवसांतून शेंकडों वेळां करिते तें एकदां करण्यास किती बेताचा हात लागतो, हेंही कळून येतें.

श्रावणाच्या अखेरीस पावसाचा जोर ओसरला म्हणजे एका पसरट कुंडींत मूठभर तीळ पेरावे. त्यांचीं पांढरट-गुलाबी घंटेसारखीं फुलें साधारण सहा आठवड्यांत येतात व माश्यांची एकच गर्दी होते. पाणी सांचलेलें मात्र त्यांस मुळींच खपत नाहीं.

हिवाळ्यासाठीं घरांतील मसाल्याचा डबाच पुरे. धणे पोळपाटावर हलके रगडून त्यांचीं दोन-दोन दळें करावीं व पेरावीं. मोहरी तशीच फेंकावी. कोथिंबीर खुडतांना चार-सहा काड्या मुद्दाम राखाव्या. दीड-दोन महिन्यांत त्यांस पांढऱ्या छत्र्या येतात. मोहरीचीं चार पाकळ्यांचीं पिवळीं फुलें त्याहूनही आधीं येतात. ह्याच दिवसांत एकेरी झेंडू व सूर्यफूल लावावें. सूर्यफूल हें एक फूल नसून शेंकडों बारीक फुलांचा मेळा आहे. तीं कडेकडून मध्याकडे वर्तुळावर्तुळानें उमलत जातात. त्यामुळें एकाच थाळीवर माश्यांस अनेक दिवस जेवण मिळतें.

भिंतीलगतची जमीन असेल तर अडुळसा व कोरांटी हीं दोन झुडुपें अवश्य लावावीं. दोहोंचीं खोडें खोंचून लागतात आणि दोन्ही हिवाळ्यांत फुलतात. अडुळशास सावली चालते, गुरें त्यास खात नाहींत, आणि पानें खोकल्यावर घरगुती औषध म्हणून प्रसिद्ध आहेत. कोरांटीस कांटे असल्यामुळें तिचें कुंपणही होतें.

उन्हाळ्यांत सर्वांत सोपें झाड म्हणजे चिनी गुलाब. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास उमलून दुपार कलतांना मिटतो म्हणून मुंबईकरांनीं ह्यास ‘ऑफिस टाइम’ असें गमतीचें नांव दिलें आहे. बोटाएवढी काडी मोडून लावली कीं झालें. त्याचीं पानें मांसल असून त्यांत पाणी सांठलेलें असतें. सुटींत चार दिवस गांवीं गेलां तरी तो जगतो. एकेरी पाकळ्यांचा पाहून आणावा. कढीलिंबाचें एखादें रोप मोठ्या पिंपांत असल्यास उन्हाळ्यांत त्यास सुवासिक पांढरे गुच्छ येतात. शेवगा हा माश्यांचा मोठा मित्र; परंतु त्याचें लांकूड ठिसूळ असल्यामुळें तो जाण्यायेण्याच्या वाटेवर अथवा मुलांच्या खेळण्याच्या जागीं लावूं नये.

कांहीं झाडें माश्यांस आवडत असूनही लावूं नयेत. घाणेरी व गुलाबी फुलांचा आइसक्रीम क्रीपर हीं बाहेर देशांहून आलेलीं असून एकदां सुटलीं कीं आवरत नाहींत. पिवळा कॉसमॉसही माळरानावर असाच पसरतो. जे विद्यार्थी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहतात त्यांनीं हीं मुळींच लावूं नयेत. बागेंतील कचराही रानांत टाकूं नये.

थोडक्यांत सांगावयाचें तर, खिडकीची जाळी असेल त्यानें तुळस, चिनी गुलाब व धणे लावावे. गॅलरी असेल त्यानें त्यांत सब्जा, गोकर्ण, साधा झेंडू आणि एका पिंपांत काकडी किंवा घोसाळें ह्यांची भर घालावी. जमिनीची पट्टी असेल त्यानें अडुळसा, निर्गुडी, कढीलिंब व तेरडा लावावा. झाडें निवडण्यापूर्वीं आपल्या जागेवर ऊन किती तास येतें तें घड्याळ लावून पाहावें. चार तासांहून कमी ऊन असेल तर अडुळसा व तेरडा ह्यांवर समाधान मानावें. सूर्यफुलाचा हट्ट धरूं नये.

४. निगा

वर सांगितलेलीं बहुतेक झाडें पाण्यावांचून मरण्यापेक्षां अति पाण्यानें अधिक मरतात. २००५ सालीं २६ जुलै रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा दिवस नेहमीं येत नाहीं. परंतु आपल्याकडील साधा पावसाळाही कुंडी कुजविण्यास पुरेसा असतो. म्हणून कुंडीच्या बुडाशीं भोंक असावें, त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, आणि मातींत शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा म्हणजे पाणी झिरपून जातें. पाणी देण्यापूर्वीं बोट मातींत खुपसून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. दर दोन महिन्यांनीं मूठभर खत पुरे. जाळींतील कुंड्या तारेनें बांधून ठेवाव्या; माश्यांच्या सोयीसाठीं खालून जाणाऱ्या माणसाचें डोकें फुटतां कामा नये.

माशीस पाणीही लागतें. पसरट ताटलींत खडे घालून ते अर्धे बुडतील इतकेंच पाणी ठेवावें, म्हणजे तिला बसावयास जागा मिळते व ती बुडत नाहीं. हें पाणी रोज सकाळीं ओतून देऊन नवें भरावें. शिळ्या पाण्यांत डासांचीं पिलें होतात, आणि डेंग्यूचा ताप आपल्या उपनगरांत नवा नाहीं. मातींत राहणाऱ्या माशीसाठीं कोपऱ्यांत थोडी माती उघडी ठेवावी, व पोकळ बांबूच्या वीतभर तुकड्यांची जुडी कोरड्या जागीं आडवी बांधावी. त्यांत पानें कातरणारी माशी बिऱ्हाड करण्याचा संभव आहे.

विषारी औषधें मात्र फुललेल्या झाडावर कदापि मारूं नयेत. कांहीं औषधें मुळांवाटे झाडांत शिरून मकरंदापर्यंत पोहोंचतात. अशाच तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर युरोपीय संघानें २०१८ सालीं बंद केला. मावा पडला तर पाण्याच्या धारेनें धुवावा, किंवा सूर्यास्तानंतर, माश्या घरीं गेल्यावर, कडुनिंबाच्या तेलाचें पातळ पाणी पानांच्या पाठीवर मारावें.

५. पोळें आणि भय

आतां शेवटचा व अवघड प्रश्न. माश्या बोलावल्या तर त्या चावतील, असें घरांतील वडील माणसें म्हणतात. आणि त्यांची भीति अगदींच खोटी नाहीं. आग्याचें पोळें डिवचलें गेलें तर जिवावरचा प्रसंग येतो. तथापि फुलें व पोळें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. फुलावर आलेली माशी कामांत गढलेली असते. तिला मुठींत दाबली किंवा पायाखालीं चिरडली तरच ती डंख मारते. मधमाशीच्या कामकरणीचा डंख कांटेरी असल्यामुळें तो आपल्या कातडींत अडकून राहतो व ती स्वतः मरते. ही किंमत ती उगाच देत नाहीं. डंख झालाच तर तो नखानें ताबडतोब खरडून काढावा. तोंडावर सूज येऊं लागली अथवा श्वास कोंडूं लागला तर घरगुती उपचारांत क्षणही न दवडतां इस्पितळांत न्यावें.

पोळें जेव्हां खरोखरच छज्जास बसतें, तेव्हां बहुतेक गृहनिर्माण संस्थांत एकच उपाय सुचतो : रात्रीं माणूस बोलवावा व तें जाळून किंवा औषध मारून टाकावें. एका पोळ्यांत सहस्रावधि माश्या असतात. सकाळीं त्यांचा ढीग झाडूनें लोटला जातो, आणि पुढच्या महिन्यांत त्याच इमारतींतील काकड्या गळूं लागतात. वास्तविक पुष्कळदां जें पोळें म्हणून दिसतें तो विसाव्यासाठीं बसलेला माश्यांचा घोळका असतो व एक-दोन दिवसांत आपण होऊन निघून जातो. आग्याही ऋतु पालटला कीं पोळें सोडून दूर जाते. जागा उंच व माणसांच्या हातापलीकडची असेल तर तिला तसेंच राहूं द्यावें, खालीं सूचना लावावी, धूर व फटाके टाळावे आणि मुलांनीं दगड मारूं नयेत. पोळें जिन्यांत किंवा खिडकीशीं असल्यामुळें हलविणेंच प्राप्त असेल, तर न मारतां हलविणारा जाणता माणूस शोधावा. पुण्यास १९६२ सालापासून मधमाश्यांच्या संशोधनाची व शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. अशा ठिकाणीं शिकलेलीं माणसें आपल्या राज्यांत आहेत. सभेंत हें सांगण्यास वयानें मोठें असावें लागत नाहीं. ज्यास विषय ठाऊक आहे त्यानें नम्रपणें उठून सांगावें.

६. विद्यार्थ्यांसाठीं काम

हा पाठ वाचून संपला असें समजूं नये. उन्हाळ्याच्या सुटींत, २० मे रोजीं, संयुक्त राष्ट्रांनीं ठरविलेला जागतिक मधमाशी दिन येतो. पाऊस त्यानंतर थोड्याच दिवसांनीं सुरू होतो. त्या आठवड्यांत कुंड्या धुवून माती तयार करावी व तुळस, सब्जा आणि चिनी गुलाब हीं तीन झाडें तरी लावावीं. एक लहान वही करावी. दर रविवारीं सकाळीं आठ वाजतां एकाच झाडासमोर दहा मिनिटें स्वस्थ बसावें, आणि किती माश्या आल्या, कोणत्या जातीच्या आल्या, पाऊस होता कीं ऊन होतें, हें लिहावें. नांव ठाऊक नसेल तेथें ‘लहान काळी’, ‘निळ्या पट्ट्यांची’ एवढें लिहिलें तरी चालेल. पहिल्या एक-दोन महिन्यांत कित्येकदां शून्यच लिहावें लागेल. तेंही प्रामाणिकपणें लिहावें. शून्य हीसुद्धां नोंद आहे, आणि वर्षअखेरीस अंधेरीची वही बोरिवलीच्या वहीशेजारीं व मुलुंडची घाटकोपरच्या वहीशेजारीं ठेवली म्हणजे माश्यांची वाट कोठें जुळली व कोठें तुटली हें आपणां सर्वांस एकत्र वाचतां येईल. जेथें ती तुटलेली दिसेल तेथें पुढच्या पावसाळ्यांत कोणत्या कुंड्या ठेवावयाच्या, हें ठरविण्याचें काम आम्ही तुमच्यावर सोंपवितों.